एका कॉम्प्युटरचं नेट सगळ्या घराला: आधी काय, मग काय

कोणाच्या घरी नेट बघायला गेलो की बहुतेक वेळा सामान सगळं जागेवर असतं. कॉम्प्युटरवर नेट चालू असतं, राउटरचे दिवे लुकलुकत असतात, मोबाइलवर वायफाय जोडलेलंही दिसतं. तरी एक पान उघडत नाही. तपासलं की दोनपैकी एक चूक निघते. शेअरिंगची, म्हणजे एका कॉम्प्युटरचं नेट बाकीच्यांना वाटण्याची, खूण भलत्याच कनेक्शनवर केलेली असते, किंवा कामाचा क्रम उलटा झालेला असतो. दोन्ही चुका पाच मिनिटांत सुटतात, पण कळल्या नाहीत तर दिवस जातो, आणि तो दिवस नेमका पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा असतो.

म्हणून हे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरणासाठी आपल्याकडे गावोगावी दिसणारी मांडणी धरली आहे. माळवदाचा जुना वाडा, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, आणि मोबाइलची रेंज फक्त माडीवरच्या खिडकीपाशी. फोन खिडकीत, तो यूएसबी केबलने विंडोज १० किंवा ११ च्या कॉम्प्युटरला जोडलेला. तिथून लॅन केबल खाली ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराजवळच्या बैठकीत, ढाळजेत एक जुना राउटर, आणि त्याच्या वायफायवर घरातले सगळे. तुमच्याकडे नेट केबलवाल्याच्या तारेने येत असेल तर फरक कुठे पडतो तेही पुढे सांगितलं आहे.

एक सूचना आधीच. या लेखात नेटवर्कमधल्या उपकरणांचे पत्ते, म्हणजे १९२.१६८.०.१ असे टिंबांनी जोडलेले आकडे, देवनागरी अंकांत छापले आहेत. कॉम्प्युटरवर टाकताना अंक इंग्रजीच टाका आणि कमांडही इंग्रजी अक्षरांत लिहा. कीबोर्ड मराठीवर राहिला तर काहीच चालणार नाही.

## हे करावं कधी, आणि करू नये कधी

नेट देणाऱ्या कंपनीने वायफायचा डबा दिला असेल तर यातलं काही करू नका. त्या डब्यालाच सगळे जोडा. घरात दोनच माणसं असतील आणि फोनचा हॉटस्पॉट सगळीकडे पोचत असेल, तरीही हा खटाटोप नको.

गरज पडते ती रेंज एका कोपऱ्यात आणि माणसं दुसऱ्या कोपऱ्यात असतात तेव्हा. यूएसबीची तार ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. लॅन केबल मात्र १०० मीटरपर्यंत जाते. म्हणून कॉम्प्युटर रेंजच्या जवळ न्यायचा आणि लॅन केबल माणसांच्या जवळ. सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

किंमतही लक्षात घ्या. बाकीच्यांना नेट हवं तोवर तो कॉम्प्युटर चालूच ठेवावा लागतो. तो १०० वॅट खातो असं धरलं तर दर १० तासांना १ युनिट. लॅपटॉप असेल तर यापेक्षा बरंच कमी. जुना लॅपटॉप पडून असेल तर या कामाला तोच लावा. लाईट गेली तरी बॅटरीवर तग धरतो.

## सामान आणि कागदावरचे दोन बाण

कॉम्प्युटरला दोन वाटा लागतात, एक नेट आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. यूएसबीने जोडलेला फोन ही एक वाट झाली आणि लॅनचं भोक ही दुसरी. नेटच लॅन केबलने आत येत असेल तर तेच भोक बाहेर जायला वापरता येत नाही. तेव्हा यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घ्या, किंवा कॉम्प्युटरचं वायफाय वापरा.

फोनची यूएसबी केबल डेटा नेणारी हवी. स्वस्तातल्या कित्येक केबली फक्त चार्जिंग करतात. केबल लावल्यावर कॉम्प्युटरवर फोनचं नावच येत नसेल तर आधी केबल बदलून बघा.

लॅन केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, आणि ती शुद्ध तांब्याची आहे का हे दुकानदाराला विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार थोड्या अंतरावर चालते, पण लांब ओढली आणि वाकवली की त्रास देते. टोकाचे प्लग स्वतः बसवणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते, तिथेच बहुतेकांचा हात चुकतो. माळवदात उंदीर असतातच, तेव्हा केबल पट्टीतून किंवा पाइपातून न्या.

आता कागद घ्या. मधे कॉम्प्युटरचा चौकोन काढा. एक बाण आत येणारा, त्यावर लिहा 'फोन'. एक बाण बाहेर जाणारा, त्यावर लिहा 'राउटर'. हा कागद समोर ठेवा. विहिरीवरची मोटर आणि वावराकडचा पाट यांची जशी कधी गल्लत होत नाही, तशी या दोन बाणांची होऊ द्यायची नाही. टप्पा ४ मध्ये सगळं यावरच अवलंबून आहे.

## टप्पा १: नेट आधी एकट्या कॉम्प्युटरवर

लॅन केबल काढून ठेवा. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा. फोनचं वायफायही बंद करा आणि मोबाइल डेटा चालू ठेवा. यूएसबी केबल जोडून फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टिथरिंगच्या पानावर 'यूएसबी टिथरिंग', म्हणजे फोनचं नेट तारेने कॉम्प्युटरला देणं, चालू करा. केबल जोडल्याशिवाय ते बटण दाबता येत नाही.

केबल निघाली किंवा फोन बंद होऊन चालू झाला की टिथरिंग आपोआप बंद होतं आणि परत हाताने चालू करावं लागतं. ही कटकट टाळायची असेल तर फोनचे डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. त्यात 'डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' असतं, तिथे यूएसबी टिथरिंग निवडा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनांत ही सोय आहे.

तपासणी: कॉम्प्युटरवर तीन वेगवेगळी पानं उघडा आणि एक व्हिडिओ दोन मिनिटं चालवा. इथेच अडखळत असेल तर पुढे सगळ्या घराला अडखळतच मिळणार. फोनची जागा बदला, खिडकीची दुसरी बाजू बघा. हा टप्पा पक्का होईपर्यंत राउटरला हात लावू नका.

## टप्पा २: दोन्ही कनेक्शनांना मराठी नावं द्या

हे कुठेच सांगत नाहीत, आणि निम्मा घोळ यानेच मिटतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल असं सलग लिहून एंटर करा. सगळ्या कनेक्शनांची यादी समोर येते. त्यात 'इथरनेट', 'इथरनेट २', 'इथरनेट ३' अशी एकसारखी नावं असतात आणि तिथेच माणूस गोंधळतो. फोनच्या कनेक्शनखाली बारीक अक्षरांत 'रिमोट एनडीआयएस' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तरी खात्री करून घ्या. फोनची यूएसबी केबल काढा, यादीतलं जे नाव गेलं ते फोनचं. परत लावा.

आता त्या नावावर उजवं क्लिक करून 'रीनेम' घ्या आणि नाव द्या येणारं. लॅनच्या भोकाच्या कनेक्शनला नाव द्या जाणारं. विंडोज मराठी नावं बिनतक्रार घेतं.

सावध: फोन बदलला, आणि कधी कधी नुसतं यूएसबीचं भोक बदललं, तरी विंडोजला ते नवं कनेक्शन वाटतं. मग 'येणारं' नाहीसं होतं आणि 'इथरनेट ४' उगवतं. शेअरिंग जुन्याच नावावर राहतं आणि घराचं नेट बंद पडतं. फोन एकच ठरवा, भोकही एकच ठरवा आणि त्यावर खडूने खूण करून ठेवा.

## टप्पा ३: राउटर तयार करा, शेअरिंगच्या आधी

क्रमाची मोठी चूक इथे होते. शेअरिंग चालू केलं की विंडोज 'जाणारं' कनेक्शनला १९२.१६८.१३७.१ हा पक्का पत्ता देऊन टाकतं. जुन्या राउटरचं पान मात्र १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर असतं. पत्त्यांची घराणीच वेगळी, त्यामुळे राउटरचं पान उघडतच नाही. मग राउटर बिघडला असं समजून लोक नवा आणतात. म्हणून राउटर आधी, शेअरिंग नंतर.

फोनचं टिथरिंग तूर्त बंद करा. राउटरला वीज द्या आणि रीसेटच्या बारीक भोकात टाचणी घालून १० सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या मालकाच्या सेटिंग्ज जातील. लॅन केबलचं एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं राउटरच्या लॅन भोकात. चार सारखी भोकं असतात ती लॅनची. वेगळं पडलेलं, बहुधा वेगळ्या रंगाचं असतं ते वॅनचं, म्हणजे बाहेरून नेट आत घेण्याचं. त्याला आत्ता हात लावू नका.

राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर पत्ता, नाव आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पान उघडा. आता याच क्रमाने:

१. वायफायचं नाव आणि पासवर्ड ठेवा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ निवडा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतोच, पण १२ ठेवा, आणि घरातल्या कोणाचा मोबाइल नंबर ठेवू नका. वायफाय उघडं तर कधीच ठेवू नका. सिम तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काही केलं तर विचारणा तुमच्याकडे होणार.

२. राउटरचं ॲडमिन पान उघडायचा पासवर्डही बदला.

३. लॅनच्या सेटिंगमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.२ करा आणि सेव्ह करा. राउटर परत चालू होईल. लॅन केबल काढून परत लावा आणि आता या नव्या पत्त्यावर पान उघडा.

४. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. हे आधी केलं तर पान हातचं जातं आणि टाचणीपासून परत सुरुवात करावी लागते.

डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारा. शेअरिंग चालू झाल्यावर ते काम कॉम्प्युटर करणार आहे. राउटरनेही वाटप चालू ठेवलं तर दोघांचे पत्ते एकमेकांत मिसळतात. मग ताईच्या मोबाइलवर नेट चालतं आणि आईच्या नाही, आणि संध्याकाळी नेमकं उलटं होतं. अशी लहरी तक्रार आली की मी आधी राउटरचं डीएचसीपी बघतो.

तुमच्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर वायफायचं नाव-पासवर्ड ठेवून तो मोड निवडा. ३ आणि ४ ची कामं तो बहुधा स्वतःच करतो.

हे सगळं नकोच वाटत असेल तर आणखी एक वाट आहे. राउटर रीसेट करून नुसतं वायफायचं नाव-पासवर्ड ठेवा, पत्ता आणि डीएचसीपी जसं आहे तसं राहू द्या, आणि लॅन केबल राउटरच्या वॅन भोकात लावा. पानं आणि व्हिडिओ चालतात. पण मुख्य कॉम्प्युटरला मग राउटरमागच्या प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही, आणि बिघाड शोधताना एक थर वाढतो. मी लॅन भोकाचीच वाट घेतो.

तपासणी: मोबाइलवर नव्या वायफायचं नाव दिसतं का? दिसायला हवं. जोडायला गेलात तर आत्ता पत्ता मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

## टप्पा ४: शेअरिंगची खूण, 'येणारं'वर

राउटर चालू आणि लॅन केबल लावलेली असू द्या. फोनचं टिथरिंग परत चालू करा. कॉम्प्युटरवर एक पान उघडून बघा.

कनेक्शनांच्या यादीत येणारंवर उजवं क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग वरचा 'शेअरिंग' टॅब. तिथे दोन चौकोन असतात. पहिल्याचा अर्थ असा की इतरांना या कॉम्प्युटरच्या इंटरनेटवरून जाऊ द्या. त्यावर खूण करा. खाली यादी येत असेल तर त्यातून जाणारं निवडा. दुसरा चौकोन इतरांना हे कनेक्शन चालू-बंद करण्याचा अधिकार देतो. तो रिकामा ठेवा. ओके करा. पत्ता बदलतोय अशी सूचना येईल, तिला हो म्हणा.

खूण 'येणारं'वर, निवड 'जाणारं'ची. लोक उलट का करतात हे मला कळतं. द्यायचं आहे राउटरला, म्हणून हात राउटरच्या कनेक्शनकडे जातो. पण विंडोजचा प्रश्न वेगळा आहे. तो विचारतो, कोणाचं नेट वाटायचं? नेट आहे फोनचं. कागदावरचा आत येणारा बाण बघा आणि मगच खूण करा.

खूण उलटी झाली तर विंडोज बहुधा तक्रारच करत नाही. 'येणारं'ला १९२.१६८.१३७.१ पत्ता लागतो आणि कॉम्प्युटरचं स्वतःचंही नेट जातं. तसं झालं तर खूण काढा, ओके करा, टिथरिंग बंद करून चालू करा आणि नीट परत करा.

तपासणी: विंडोज बटण आणि आर, मग सी, एम, डी लिहून एंटर. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड सलग लिहा. 'जाणारं'समोर १९२.१६८.१३७.१ दिसलं पाहिजे. 'मीडिया डिसकनेक्टेड' दिसलं तर केबल सैल आहे किंवा राउटर बंद आहे. 'येणारं'समोर दुसराच पत्ता असेल, त्याला हात लावू नका.

## टप्पा ५: आधी एकच मोबाइल

सगळ्यांना एकदम पासवर्ड सांगू नका. एकच मोबाइल जोडा, त्याचा मोबाइल डेटा बंद करा, नाही तर पान सिमवरून उघडतं आणि आपण खूश होतो. त्या वायफायच्या तपशिलात जाऊन पत्ता बघा. १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१३७.१ असेल तर जमलं. दुसरा कॉम्प्युटर जोडत असाल तर त्याच्यावर पत्ता 'आपोआप घ्या' असाच ठेवा. आधी कोणी हाताने पत्ता टाकून ठेवला असेल तर तो काढा.

या टप्प्यावर सगळ्यात महत्त्वाची ताकीद: माडीवरच्या फोनला, म्हणजे जो नेट देतोय त्यालाच, हे नवं वायफाय कधीही जोडू नका. फोनला वायफाय दिसलं की तो मोबाइल डेटा सोडून वायफायकडे वळतो. मग फोन नेट मागतो कॉम्प्युटरकडे, आणि कॉम्प्युटर मागतो फोनकडे. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि सगळ्या घराचं नेट जातं. अहमदपूरला बहिणीच्या घरी मी यात दोन तास घातले आहेत. केबल बदलली, राउटर परत रीसेट केला, खूण चार वेळा काढली-घातली. शेवटी कळलं की भाच्याने प्रेमाने त्या फोनलाही पासवर्ड टाकून दिला होता. तेव्हापासून मी त्या फोनचं वायफाय बंद करतो आणि मागे चिठ्ठी चिकटवतो: 'वायफाय लावू नये.'

## टप्पा ६: बाकीचे जोडताना डेटा सांभाळा

एका सिमचा डेटा सगळ्या घरात वाटला जाणार आहे. दिवसाला २ जीबीचा प्लॅन असेल तर तो सकाळच्या चहाआधी संपू शकतो, आणि कोणी काही पाहिलेलंही नसतं. कारण साधं आहे. मोबाइलला वाटतं वायफाय मिळालं, आता हात मोकळा. फोटोंचा बॅकअप सुरू होतो, ॲप अपडेट होतात, व्हॉट्सॲपवरचे सगळे व्हिडिओ आपोआप उतरतात.

प्रत्येक मोबाइलवर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' निवडा, म्हणजे डेटा मोजका आहे हे त्याला कळेल. गूगल फोटोजचा बॅकअप बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये वायफायवर असताना आपोआप उतरणाऱ्या गोष्टींच्या सगळ्या खुणा काढा. विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, मुख्य आणि बाकीच्याही, त्या-त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मुख्य कॉम्प्युटरवर केलं म्हणून बाकीच्यांना ते कळत नाही, त्यांना स्वतंत्र सांगावं लागतं. घरात नीटची किंवा सीईटीची तयारी करणारं कोणी असेल तर त्याचे व्हिडिओ ४८० च्या दर्जावर लावा. फळ्यावरचं नीट दिसतं आणि डेटा बराच वाचतो.

## टप्पा ७: मुद्दाम बंद करून चालू करा

हा टप्पा सगळे सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. आपल्याकडे लाईट जाणारच, तेव्हा आजच, तुम्ही समोर असताना सगळं बंद करून बघा.

त्याआधी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कधीच नाही असं करा. कॉम्प्युटर झोपला की घराचं नेट झोपतं. पडदा बंद झाला तर चालतो. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर काही करू नये अशी सेटिंगही करा. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बहुधा असते, ती चालू करून घ्या.

आता सगळं बंद करा आणि या क्रमाने चालू करा: राउटर, कॉम्प्युटर, फोनचं टिथरिंग. मोबाइलवर पान उघडलं तर उत्तम. नाही उघडलं तर हा विंडोजचा जुना दोष आहे. खूण दिसते पण शेअरिंग जागं झालेलं नसतं. 'येणारं'च्या शेअरिंग टॅबमधली खूण काढा, ओके, परत करा, ओके. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

रोज हे करायचं नसेल तर दोन बदल लागतात. 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही सेवा 'ऑटोमॅटिक' करा. आणि रजिस्ट्रीत, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड ॲक्सेस या वाटेने जाऊन 'एनेबल रीबूट परसिस्ट कनेक्शन' (EnableRebootPersistConnection) अशी सलग नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवा. रजिस्ट्रीत आधी कधी काम केलं नसेल तर माहितगार माणूस शेजारी बसवा. तिथली चुकीची खोडाखोड विंडोजलाच आडवं करते.

## राउटर नसेल तर: लॅपटॉपचा हॉटस्पॉट

दोन-तीनच मोबाइल जोडायचे असतील आणि मधे जाड भिंत नसेल, तर लॅन केबल आणि राउटर दोन्ही सोडा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे. कोणतं कनेक्शन वाटायचं तिथे 'येणारं' निवडा, नाव-पासवर्ड ठेवा आणि चालू करा. ८ उपकरणांपर्यंत जोडता येतात. बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. तो भिंतीतून जास्त जातो आणि जुन्या मोबाइलनाही दिसतो. त्याच पानावरची पॉवर सेव्हिंगची सोय बंद करा, नाही तर कोणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो. हा हॉटस्पॉट आणि टप्पा ४ ची खूण, दोन्ही एकाच वेळी लावू नका.

कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर काम आणखी सोपं. जाणाऱ्या कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये पद्धत म्हणून 'इतर कॉम्प्युटरांसोबत शेअर' निवडा. लक्षात घ्या, इथे निवड जाणाऱ्यावर करायची असते, विंडोजच्या बरोबर उलट. पत्तेही १०.४२.० ने सुरू होतात, तेव्हा राउटरला १०.४२.०.२ द्या.

## केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर

तालुक्याच्या गावांत केबलवाला बऱ्याचदा नुसती लॅनची तार देतो आणि कॉम्प्युटरवर नाव-पासवर्ड टाकून 'डायल' करावं लागतं. तेव्हा यादीत दोन चिन्हं असतात, तारेचं इथरनेट आणि डायलचं ब्रॉडबँड. 'येणारं' हे नाव ब्रॉडबँडला द्या आणि शेअरिंगची खूण त्यावरच करा. तारेच्या इथरनेटवर केली तर चालणार नाही. बाहेर जायला दुसरा लॅन अडॅप्टर लागेल.

पण आधी हे वाचा: हेच नाव-पासवर्ड राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये 'पीपीपीओई' निवडून टाकता येतात. मग कॉम्प्युटर चालू ठेवायची गरजच उरत नाही. केबलवाल्याची हरकत नसेल तर तेच करा.

## अडलं तर कुठून बघायचं

नेहमी नेटच्या मुळापासून मोबाइलकडे या, उलट नाही. आधी मुख्य कॉम्प्युटरवर पान उघडतं का? नसेल तर दोष फोनचा किंवा रेंजचा, शेअरिंगचा नाही.

तिथे चालत असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही. म्हणजे केबल सुटली आहे, शेअरिंग जागं झालेलं नाही, किंवा टप्पा ३ ची केबल चुकून वॅन भोकात गेली आहे. पत्ता बरोबर असेल तर 'पिंग' कमांडने १९२.१६८.१३७.१ ला हाक मारा. उत्तर आलं नाही तर बहुधा मुख्य कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत, आडवी आली आहे. त्यात हे घरचं, विश्वासाचं नेटवर्क आहे असं सांगा. फायरवॉल कायमची बंद करून ठेवू नका. उत्तर आलं तर बाहेरच्या इंटरनेटवरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग करा. तेही आलं आणि पानं मात्र नाहीत, तर नावावरून पत्ता शोधण्यात अडचण आहे. त्या उपकरणावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकून बघा.

मुख्य कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून बघा. डायलच्या कनेक्शनवर काही पानं उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, असं होत असेल तर बाकीच्या कॉम्प्युटरांवर एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पुडक्याचा कमाल आकार, १४९२ करून घ्या.

## ऊन, वीज आणि उघड्यावरची तार

मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला फोन चार्जिंग आणि टिथरिंग एकदम करताना तापतो आणि वेग कमी करतो, कधी बंदच पडतो. त्याचं कव्हर काढा आणि तो सावलीत, वारं लागेल असा ठेवा. खिडकीच्या गजाला बांधून उन्हात टांगू नका.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की बटणं बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि लॅन केबलही दोन्ही टोकांकडून काढा. वाड्यापासून शेतातल्या आखाड्यापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका. जवळ वीज पडली तरी त्या तारेतून झटका दोन्हीकडच्या यंत्रांत येतो, आणि तार हातात धरलेल्या माणसालाही तो बसू शकतो. दोन इमारतींत द्यायचंच असेल तर फायबर किंवा वायफायचा दुवा वापरा.

## पुढे घरात पक्कं कनेक्शन आलं तर

शेअरिंगची खूण आधी काढा, मग नवी तार लावा. 'जाणारं'च्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये पत्ता 'आपोआप घ्या' असा झाला आहे का ते बघा. १९२.१६८.१३७.१ तसाच चिकटून राहिला असेल तर नव्या डब्याला जोडूनही त्या कॉम्प्युटरवर नेट येणार नाही. डीएचसीपी बंद केलेला जुना राउटर टाकून देऊ नका. त्याचा पत्ता नव्या डब्याच्या घराण्यातला करून त्याच लॅन भोकातून जोडला की ढाळजेतलं वायफाय पहिल्यासारखंच चालू राहतं. फोनमागची चिठ्ठी तेव्हा काढली तरी चालेल.